कोम्बुचात संत्रे चालेल, गुळवेल नको

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची संत्र्याची बाग आहे. पुण्यात नोकरी करणारी मुलगी दिवाळीला येताना कोम्बुचाचे, म्हणजे गोड चहा आंबवून करतात त्या पेयाचे, विरजण घेऊन आली आणि तेव्हापासून आम्ही घरीच ते पेय करतो. संत्रे, आवळा, तुळस, गवती चहा, अद्रक असे सगळे घालून पाहिले, चव घरात सर्वांना आवडली. माझ्या सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाच्याही गोळ्या सुरू आहेत. त्यांच्यासाठी मी वेगळ्या बाटलीत गुळवेल, अश्वगंधा आणि ज्येष्ठमध घालते आणि त्या रोज दोनदा पेलाभर घेतात. आमच्या बचत गटातल्या बाया म्हणतात, की ‘आयुर्वेदिक कोम्बुचा, शुगर व सांधेदुखीवर गुणकारी’ अशी चिठ्ठी लावून प्रदर्शनात विकू या. पेय मी लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत आंबवते. उन्हाळा लागल्यापासून ते चार-पाच दिवसांतच फार आंबट होते, आणि गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात ठेवलेली काचेची बाटली फुटली. आमचे काय चुकते? फार आंबट झालेले पेय फेकून द्यावे का?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतले दोन थांबण्याजोगे नाहीत, म्हणून आधी तेच घेते. सासूबाईंचा गुळवेल, अश्वगंधा आणि ज्येष्ठमधाचा पेला आजपासून बंद करा, आणि चिनी मातीच्या बरणीतले पेय घरात कोणालाही देऊ नका.

बरणीचे कारण असे. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या चकाकीत पुष्कळदा शिसे असते, आणि आम्ल पदार्थ त्यात बरेच दिवस राहिला की ते शिसे त्यात उतरू शकते. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याने अशाच भांड्यात कोम्बुचा करून काही महिने घेतला, तेव्हा दोघांनाही शिशाची विषबाधा झाल्याचे १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. लोणचे पिढ्यान्‌पिढ्या त्याच बरणीत मुरते, मग हेच का नको, असे सासूबाई विचारतील. लोणचे आपण फोडीने खातो आणि हे आंबट पाणी पेल्याने पितो, एवढा फरक त्यांना पुरेसा वाटावा. दिवाळीपासून तुम्ही हे पीत आहात, म्हणून डॉक्टरांना बरणीविषयी आवर्जून सांगा. त्यांना गरज वाटली तर ते रक्तातील शिशाची तपासणी करायला सांगतील. त्या बरणीत वर जमलेला विरजणाचा पापुद्रा आणि आंबट पाणी दोन्ही टाकून द्या आणि मुलीकडून नवे विरजण मागवा. पुढे रुंद तोंडाची काचेची बरणी वापरा. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम यांना हे पेय लागू देऊ नका.

आता वनस्पती. गुळवेल आपल्याकडे कुंपणावरच्या कडुनिंबावर चढलेली असते आणि ती घरचीच म्हणून आपण निर्धास्त असतो. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीशी तिची गल्लत झाली असावी असे म्हटले. तो वाद तज्ज्ञांवर सोडू या. तुमच्यापुरता विचार केला, तर दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच ठिकाणी येते, कारण वेल नेमकी कोणती आणि पेल्यात तिचा अंश किती उतरला, हे घरी कळायला मार्ग नाही. अश्वगंधेबाबतही यकृताच्या इजेच्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा परिणाम तिच्यामुळे बदलू शकतो. ज्येष्ठमधाची गोष्ट तर अधिक स्पष्ट आहे. त्यातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम उतरवते आणि रक्तदाब चढवते. सासूबाई रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात आणि तुम्ही प्रेमाने दिलेला पेला त्याच गोळीच्या विरुद्ध काम करतो, असे होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, की या वनस्पती तर परंपरेने चालत आलेल्या आहेत. त्या परंपरेतल्या आहेतच, पण परंपरेने त्या अशा दिलेल्या नाहीत. वैद्य चूर्ण देतो तेव्हा मात्रा, अनुपान (ते कशासोबत घ्यायचे) आणि दिवस ठरवून देतो. आंबवलेली औषधेही आयुर्वेदात आहेत. द्राक्षारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारी आसव ही नावे तुमच्या घरात नवी नसतील, आणि ती आंबवताना घालतात ती धायटीची फुले आपल्या जंगलात मिळतात. पण अरिष्ट दोन-चार चमचे, बरोबरीने पाणी घालून, जेवणानंतर घेतात, कोणी पेलेच्या पेले पीत नाही. कोम्बुचा तर चीनच्या ईशान्येकडून रशियामार्गे जगभर गेलेले चहाचे पेय आहे. त्याचा आपल्या ग्रंथांशी संबंध नाही, आणि त्यात मुळी टाकली म्हणून तो जुळत नाही.

साखरेविषयी तुमचा समज थोडा दुरुस्त करायला हवा. एक लिटर चहाला आपण ६० ते ८० ग्रॅम साखर घालतो. आठवडाभराने पेय जिभेला आंबट लागते आणि साखर संपली असे वाटते, पण पुष्कळदा निम्मी किंवा त्याहून अधिक साखर त्यात उरलेली असते, आणि वरून घातलेल्या संत्र्याच्या रसाची साखर वेगळी. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बारा मधुमेहींवरची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तीत चार आठवडे रोज एक पेला कोम्बुचा घेतल्यावर उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली. हे वाचून लोक हुरळून जातात. ती चाचणी ठरावीक घटकांच्या, बाजारात मिळणाऱ्या एका पेयाची होती, आणि मोठी चाचणी व्हायला हवी असे संशोधकांनी स्वतःच म्हटले आहे. सासूबाईंच्या गोळ्यांची जागा घेण्याइतका आधार त्यात नाही. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेल्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी घरचा कोम्बुचा घेऊच नये. सासूबाईंच्या मूत्रपिंडाची तपासणी अलीकडे झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर साधा, वनस्पती न घातलेला अर्धा कप जेवणासोबत चालेल. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९९५ मध्ये दोन स्त्रिया कोम्बुचा घेत असताना गंभीर आजारी पडल्या आणि त्यांतली एक दगावली. दोष पेयाचाच, हे सिद्ध झाले नाही. मात्र त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने निरोगी माणसाला दिवसाला सुमारे १२० मिलिलिटर घेऊन बहुधा अपाय होणार नाही असे सांगितले, आणि सावधपणे वागायचे तर तोच आकडा धरावा. उन्हाळ्यात त्यांना थंड काही हवे असेल, तर पातळ ताकाला मी आधी पसंती देईन.

बाटली का फुटली, ते आता पाहू. मोहफुलांच्या भांड्यात जे घडते, त्याचीच पहिली पायरी कोम्बुचात घडते. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. पुढची पायरी वेगळी आहे, कारण इथे ॲसिटिक आम्लाचे जिवाणूही असतात. ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने अल्कोहोलचे आम्ल करतात, आणि बरणीवर जो पापुद्रा दिसतो तो त्यांनीच विणलेला असतो. हवा मिळते तोवर दोघांचे काम बरोबरीने चालते. रस घालून बाटलीचे झाकण घट्ट लावले, की जिवाणूंची हवा संपते, यीस्टला मात्र नवी साखर मिळते, आणि वायू व अल्कोहोल दोन्ही वाढत जातात. या पेयाला २४ ते २९ अंशांची ऊब मानवते. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो आणि वैशाखात ४५ च्या घरात जातो. अशा स्वयंपाकघरात सॉसची किंवा मधाची काचेची बाटली बंद करून ठेवणे धोक्याचे आहे. ती बाटली दाब सोसण्यासाठी केलेली नसते, आणि तिच्या काचा कोणाच्या डोळ्यात गेल्या नाहीत हे नशीब समजा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की विदर्भात हे पेय दसऱ्यापासून होळीपर्यंत करावे आणि पुढे विसावा घ्यावा. विरजण मरू द्यायचे नसेल, तर ते भरपूर जुन्या आंबट पाण्यात, काचेच्या बरणीत, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडा गोड चहा घाला. फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण गारठ्याने जिवाणू सुस्तावतात आणि पुढच्या खेपेला बुरशीचे फावते. परातीत पाणी घालून बरणीभोवती ओले गोणपाट गुंडाळले, तर आपल्या कोरड्या हवेत तेवढ्यानेही काही अंशांचा फरक पडतो. कूलरच्या थेट झोतात मात्र बरणी नको, कारण ओलसर ताट्यांवर बुरशी धरलेली असते आणि तोच वारा कपड्यातून बरणीत जातो.

नवे विरजण आले, की एक लिटर पाणी उकळून त्यात दोन चमचे साधी चहापत्ती आणि ७० ग्रॅम साखर घाला, गाळून पूर्ण थंड होऊ द्या, मग पापुद्रा आणि किमान १०० ते १५० मिलिलिटर जुने आंबट पाणी टाका. हे आंबट पाणी काटकसर करण्याची जागा नव्हे. सुरुवातीलाच आम्लता पुरेशी असली तर नको त्या जंतूंना शिरकाव मिळत नाही. बोअरचे जड पाणी असेल, तर ते आम्लाला दाबून धरते, म्हणून उकळून, निवळून वरचे पाणी घ्या. आम्लता (पीएच) मोजायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. पहिल्या दिवशी पट्टीवरचा पीएच ४.५ च्या खाली, आणि आठवड्याअखेर २.५ ते ४.२ च्या दरम्यान यायला हवा. तोंडाला मच्छरदाणीसारखे विरळ कापड नको, चिलटे त्यातून सहज जातात. जुन्या सुती धोतराचा दुहेरी तुकडा उत्तम. पापुद्र्याखाली तपकिरी, लोंबते धागे दिसले तर घाबरू नका, ते यीस्टचे असतात. पण पापुद्र्याच्या वरच्या बाजूला कोरडे, लवदार ठिपके दिसले, पांढरे असोत, हिरवे असोत की काळे, तर ते काढून बाकीचे वाचवण्याच्या भानगडीत पडू नका, बरणीतले सगळे फेकून द्या.

फळे आणि सुगंधी पाने पहिल्या बरणीत कधीच घालू नयेत. तुळस, गवती चहा, ओवा यांचा वास ज्या तेलांमुळे येतो, तीच तेले जंतूंना मारक असतात आणि विरजण हळूहळू क्षीण करतात. पापुद्रा आणि पुढच्या खेपेचे आंबट पाणी बाजूला काढल्यावर, बाटली भरताना फळ घाला. अर्ध्या लिटरला ५० मिलिलिटर रस किंवा मूठभर फोडी पुरतात. सोड्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली इथे काचेपेक्षा सोयीची, कारण ती दाब सोसते आणि बोटाने दाबून पाहता येते. दाबल्यावर दगडासारखी कडक लागली, की लगेच फ्रिजमध्ये. गारठ्यात याला दोन दिवस लागतात, फाल्गुनात एक दिवसही पुष्कळ होतो.

संत्र्याच्या बाबतीत तुम्हाला एक अडचण आली असणार, पत्रात तिचा उल्लेख नाही एवढेच. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढताना गोड लागतो आणि ठेवला की कडवटतो. फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यातले आणि बियांतले घटक आम्लाच्या संगतीने लिमोनिन हा कडू पदार्थ तयार करतात, आणि कोम्बुचा तर आम्लच आहे. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस दुसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही. फोडी सोलून, बिया आणि पांढरे पापुद्रे काढून, नुसता गर हलक्या हाताने कुस्करून घाला आणि ती बाटली दोन-तीन दिवसांत संपवा. आंबिया बहराची संत्री हिवाळ्याच्या तोंडावर येतात, म्हणजे या पेयाच्या हंगामाशी त्यांचा मेळ छान बसतो. त्याच दिवसांत लाल अंबाडीची बोंडे मिळतात, आणि मला विचाराल तर कोम्बुचात संत्र्यापेक्षाही ती सरस. रंग माणकासारखा उतरतो, आंबटपणा स्वतःचा असतो आणि कडवटपणाचे भय नाही. वाळवलेल्या चार-पाच बोंडांवर अद्रकाच्या दोन पातळ चकत्या टाकल्या की अर्ध्या लिटरला भागते. आवळा किसून थोडाच घाला, त्याचा तुरटपणा चहाच्या तुरटपणावर चढतो. बेल आणि कवठ यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा गर तळाशी चिकट गोळा होऊन बसतो, झाकण उघडताच अर्धी बाटली फेसासोबत ओट्यावर येते, आणि शरबत किंवा चटणी म्हणून ती फळे कितीतरी चांगली लागतात. तुळशीची चार पाने, गवती चहाची बोटभर कांडी, चिमूटभर सोप किंवा पुदिना एवढे स्वादाला पुरते, आणि एवढ्या मात्रेत निरोगी माणसाला चिंतेचे कारण नाही.

विक्रीचा विचार मात्र बचत गटाने तूर्त बाजूला ठेवावा. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यापेक्षा अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्यार्कयुक्त पेय ठरते, आणि रस घालून बंद बाटलीत ठेवलेला घरगुती कोम्बुचा ही रेषा सहज ओलांडतो. घरच्या साध्या उपकरणाने हे प्रमाण खात्रीने मोजता येत नाही, त्यासाठी प्रत्येक खेपेचा नमुना अन्नप्रयोगशाळेत द्यावा लागेल. त्यातही प्रदर्शनाला जाताना एस.टी.त दोन तास ऊन लागले, की प्रयोगशाळेत मोजलेला आकडा मागे पडतो, कारण पेय जिवंत असते आणि वाटेतही आंबतच राहते. कारखानदार गाळणी, थंड साखळी आणि तपासणी यांवर खर्च करून हे सांभाळतात. गावात रात्री वीज गेली की आपला फ्रिज सकाळपर्यंत कोमट झालेला असतो. दारूबंदीसाठी ज्या जिल्ह्यातल्या बाया एवढ्या भांडल्या, तिथल्याच बचत गटाच्या टेबलावरून तपासणीसाठी बाटली उचलली जावी, हे मला बघवणार नाही.

चिठ्ठीवरचा मजकूर तर कुठल्याच पेयावर लावू नका. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि ‘आयुर्वेदिक’ हा शब्दही परवान्याशिवाय वापरता येत नाही. कोम्बुचा पोटाला चांगल्या जिवाणूंचा म्हणून विकला जातो, तोही दावा सरसकट खरा नाही. दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू काही विरजणांत असतात, काहींत नसतात. गटाला काही विकायचेच असेल, तर लाल अंबाडीचे सरबत आणि संत्र्याचा स्क्वॅश करा. दोन्ही आंबवायचे नसतात, साखर आणि आम्लावर टिकतात, आणि कच्चा माल तुमच्या बांधावर आहे. स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के आणि एकूण विद्राव्य घटक ४० टक्के असावे लागतात. अन्नसुरक्षेची नोंदणी त्यालाही हवी, ती कशी काढायची हे बचत गटांसाठी असलेल्या ‘उमेद’ अभियानाच्या तालुक्याच्या कक्षात विचारा.

राहिला शेवटचा प्रश्न. आता बरणीत आहे ते पेय शिशाच्या शंकेमुळे टाकूनच द्यायचे आहे. पुढे काचेच्या बरणीतले फार आंबट झाले, तर त्यातले दोन कप पुढच्या खेपेसाठी राखा आणि उरलेले चिरलेल्या कांद्यावर, काकडीच्या कोशिंबिरीत व्हिनेगरसारखे शिंपडा. लोणचे टिकवण्यासाठी मात्र ते घालू नका, कारण बाजारच्या व्हिनेगरची आम्लता ठरलेली असते आणि याची खेपेगणिक बदलते. दाराशी लावलेल्या झाडांच्या मुळांशीही ओतू नका, एवढे आंबट पाणी त्यांना सोसत नाही.